मॉर्फिन घेतलं की भान जातं का? एका भीतीचा इतिहास

"मॉर्फिन नको हो डॉक्टर, नंतर ते आम्हाला ओळखणारही नाहीत." कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक हे वेगवेगळ्या शब्दांत बोलतात. माझं संशोधन याच भीतीभोवती फिरतं. म्हणून आज थोडं मागे जाऊन ती आली कुठून, ते पाहू.

विसाव्या शतकात लंडनच्या ब्रॉम्प्टन हॉस्पिटलच्या नावाने एक मिश्रण प्रसिद्ध झालं. मॉर्फिन किंवा हेरॉइन, त्यात कोकेन, दारू आणि सरबत! यातल्या नक्की कशाने गुंगी येते, हे कोण सांगणार? शिवाय अनेक ठिकाणी औषध मिळायचं ते दुखणं असह्य झाल्यावर. म्हणजे पेशंट आधी तळमळणार, मग झोपणार. पाहणाऱ्याला वाटायचं, 'मॉर्फिन म्हणजे शेवट.'

सिसिली सॉन्डर्स या आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. त्यांनी आग्रह धरला की औषध घड्याळ लावून द्यायचं, दुखायची वाट पाहायची नाही. 1967 मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. तिथे रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी मॉर्फिन आणि हेरॉइन यांची रीतसर तुलना केली. 1977 मध्ये निष्कर्ष छापून आला: तोंडाने दिल्यावर दोघांत ठळक फरक नाही. पुढे कोकेनही बिनकामाचं ठरलं आणि साधं मॉर्फिनचं द्रावण उरलं. आता कुठे प्रश्न नीट विचारता येणार होता: मॉर्फिन एकटं डोक्याचं काय करतं?

1989 मध्ये एदुआर्दो ब्रुएरा आणि सहकाऱ्यांनी एक साधा, पण कळीचा फरक दाखवला. ज्यांचा डोस नुकताच वाढवला होता, त्यांच्या चाचण्या बिघडल्या; डोस स्थिर असलेल्यांच्या तशा बिघडल्या नाहीत. म्हणजे सुरुवातीची गुंगी खरी, पण ती कायमची नव्हे.

1995 मध्ये फिनलंडमधल्या अभ्यासात दीर्घकाळ मॉर्फिन घेणाऱ्या कॅन्सर पेशंटची गाडी चालवण्याशी संबंधित कौशल्यं तपासली. मॉर्फिन न घेणाऱ्यांच्या तुलनेत फरक किरकोळच निघाला. (म्हणून गोळी घेऊन लगेच स्कूटर काढायची नाही बरं! तो अभ्यास डोस स्थिरावलेल्यांचा होता.)

माझ्या आवडीचा पेपर मात्र 2000 सालचा, डेन्मार्कच्या पेर स्योग्रेन यांच्या गटाचा. त्यातल्या एका चाचणीत आकडे ऐकत प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यात मिळवत जायचं असतं. त्यात लक्ष आणि तात्पुरती स्मृती, दोन्हींचा कस लागतो. इथे औषधापेक्षा वेदनेनेच जास्त घोटाळा केला. दाढ दुखत असताना हिशेब करून बघा, लगेच पटेल. वेदना लक्ष खाते.

मग औषध अगदी निर्दोष का? नाही. 2011 मध्ये युरोपातल्या 11 देशांतल्या 1915 पेशंटचा अभ्यास आला. ओपिऑइड घेणाऱ्या या पेशंटपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांचे बौद्धिक चाचणीतले गुण कमी होते आणि मोठ्या डोसशी त्याचा संबंध दिसला. पण पेशंट एकदाच तपासलेले, त्यामुळे कारण औषध की बळावलेला आजार, हे त्यावरून ठरत नाही. किडनी थकली की मॉर्फिनचे घटक अंगात साठतात, हेही खरं. अचानक बडबड, भास, गोंधळ सुरू झाला तर 'आता असंच असायचं' म्हणून सोडू नये, डॉक्टरांना लगेच सांगावं. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.

आपल्याकडे भीतीला कायद्याचीही जोड मिळाली. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीमुळे अनेक हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीने नियम सोपे केले. मनातली भीती मात्र दुरुस्तीने जात नाही.

म्हणून घरात हा प्रश्न आला तर दोन्ही बाजू मांडा. औषधाने काय जाईल, हे आपण विचारतोच. वेदनेने आत्ताच काय गेलंय, हेही विचारायला हवं. आणि जमलं तर ते पेशंटलाच विचारा.