आडवाट कुणाची?

वाट आणि आडवाट हे शब्द आपण सहज वापरतो. गावाला नेते ती वाट, आणि तिला सोडून रानात शिरते ती आडवाट. पण हे ठरवतो कोण? शहरातून आलेल्या माणसाला जी आडवाट वाटते, तीच रानातल्या बाईची रोजची वाट असते. पाण्याला ती त्याच वाटेनं जाते, मोह वेचायला त्याच वाटेनं जाते आणि माहेरी जाते तीही त्याच वाटेनं. तिला कुणी म्हटलं, "बाई, फार आडवाटेनं चाललीस," तर ती हसेलच.

मैत्रिणींनो, हल्ली आपल्या समाजातल्या बायका लांब लांब सहली करतात. जैन जेवणाची सोय असली की युरोपही दूर वाटत नाही. भूमध्य समुद्रातल्या माल्टासारख्या बेटावर उतरलं, की तिथं एक नवलाईची सैर असते, ती सेगवेवरची. दोन चाकं, मध्ये उभं राहायला फळी, हातात धरायला दांडा. अंग पुढं झुकवलं की गाडी पुढं जाते, मागं रेललं की थांबते. जाड टायरांची गाडी असेल तर डांबरी रस्ता सोडून खडकाळ किनाऱ्यानंही जाता येतं. सगळ्यांत पुढं वाटाड्या, आणि त्याच्यामागं एकामागं एक पाहुणे, बदकाच्या पिल्लांसारखे. एका बाजूला शेतं आणि खुरटी झुडपं, दुसऱ्या बाजूला कडा, खाली निळा समुद्र. मजा आहे, यात शंका नाही.

या गाडीचा इतिहास मात्र मजेच्या पलीकडे बरंच सांगतो. अमेरिकेतले संशोधक डीन केमन यांनी ३ डिसेंबर २००१ रोजी ती जगाला दाखवली. माणसं आता पायी चालायचं सोडतील, शहरांचे नकाशे बदलतील, असं तेव्हा मोठमोठे लोक बोलत होते. तसं काही झालं नाही. शहरातल्या माणसानं ती घेतली नाही. ती राहिली पोलिसांच्या गस्तीला आणि पर्यटकांच्या रांगेला. जुलै २०२० मध्ये मूळ सेगवेचं उत्पादनच थांबलं. त्याआधी, सप्टेंबर २०१० मध्ये, कंपनीचे मालक जिमी हेसेल्डन इंग्लंडमध्ये आपल्या घराजवळच्या कड्यावरून सेगवेसकट खाली पडून गेले. कंपनी हाती घेऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. चौकशीत असं निघालं, की अरुंद वाटेवर कुत्रा घेऊन फिरायला निघालेला एक माणूस समोर आला. त्याला वाट द्यावी म्हणून ते गाडी मागं घेत होते, त्यात तोल गेला. चालणाऱ्याला वाट द्यावी, एवढीच त्यांची भावना होती. आडवाटेवर आपण एकटे नसतो, तिथं आधीपासून कुणीतरी चालत असतं, हे त्या दुःखद घटनेतून कळतं.

त्याच समुद्रात मेनोर्का नावाचं स्पेनचं एक बेट आहे. त्याच्या काठानं जुनी 'घोड्यांची वाट' जाते. चाचे आणि शत्रूची गलबतं यायची, म्हणून पहारेकरी घोड्यावरून किनाऱ्याची गस्त घालायचे. पुढं पहाऱ्याची गरज संपली आणि ती वाट ठिकठिकाणी खासगी शेतांच्या कुंपणात अडकली. बेटावरच्या लोकांनी ती सोडवण्याची मागणी लावून धरली. २००० साली तिच्यासाठी कायदा झाला आणि २०१० साली १८५ किलोमीटरची ती सगळी वाट लोकांना पुन्हा खुली झाली. आज पाहुणा तिला निसर्गरम्य आडवाट म्हणतो. बेटावरच्या माणसाला मात्र ती परत मिळालेली आपली वाट आहे.

आता आपल्याकडे येऊ. आमच्या उकव्याला समुद्र नाही, सेगवेही नाही. पण वाटाड्याच्या मागं, जाड टायरांच्या गाडीत बसून रानात शिरायची सैर आमच्या दारावरूनच जाते. बालाघाट सोडलं की भरवेलीची मॅंगनीजची खाण, मग गांगुलपाऱ्याचा तलाव, मग घाट, आणि वर पठारावर उकवा. पुढं बैहर, आणि बैहरच्या पुढं कान्हाचं मुक्की फाटक. नागपूर-गोंदियाकडून कान्हाला निघालेल्या कितीतरी गाड्या उकव्यावरून जातात. गाडीतली माणसं इथं फार तर चहाला थांबतात. आपण इतिहासातून चाललोय, हे त्यांना कुणी सांगत नाही.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून झाला. त्याआधी १८५३ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. खाली वैनगंगेचं भाताचं खोरं, वर घाटमाथ्याचं रान. १८१० च्या सुमारास लछमन नाईक नावाच्या माणसानं परसवाड्याच्या पठारावर गावं वसवली. नंतर ब्लूमफील्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं वैनगंगेकाठचे पोवार शेतकरी बैहरच्या बाजूला आणून बसवले. सरकारी कागदात याला 'वसाहत' म्हणतात, म्हणजे जणू आधी इथं कुणी नव्हतंच. पण गोंड होते, बैगा होते. बैगा नांगर धरत नसत. धरती आई आहे, आईची छाती फाळानं कशी चिरायची, ही त्यांची श्रद्धा. झाडोरा तोडायचा, वाळवून जाळायचा आणि त्या राखेत बी टाकायचं, ही त्यांची बेवर शेती. इंग्रजांच्या जंगलखात्याला ती नको होती. जंगलं राखीव झाली, बेवर बंद होत गेली, आणि १८९० साली मंडल्याच्या बाजूला 'बैगाचक' नावाचा एक भाग त्यांना आखून दिला. सगळं रान ज्यांचं होतं, त्यांना त्यातला एक तुकडा मिळाला.

याच काळात आडवाटेचे पहिले पाहुणे आले. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी मध्य भारताचा डोंगराळ मुलूख पालथा घातला. त्यांचं पुस्तक १८७१ साली निघालं. त्या पुस्तकात बैगांच्या धाडसाची आणि रानाच्या जाणकारीची गोष्ट येते. येणारच. कारण कुठल्या नाल्याला उन्हाळ्यातही पाणी असतं, वाघाचं पाऊल आजचं की कालचं, सांबर कुठल्या वासानं बिथरतं, हे साहेबाला ठाऊक नव्हतं. ते वाटाड्याला ठाऊक होतं. वाटाडा पुढं पायी आणि साहेब मागं हत्तीवर किंवा घोड्यावर. बंदूक साहेबाची, नजर बैगाची. साहेब पुस्तक लिहून गेले, वाटाड्याचं नाव कागदावर आलंच नाही. काळा दगड शोधत आलेल्या खाणवाल्यांचंही तसंच. नागपूरच्या बाजूला १८९६ साली त्यांची कंपनी उभी राहिली, १९६२ साली तिचीच 'मॉइल' झाली, १९७७ साली ती पूर्ण सरकारची झाली. उकव्याची खाण तिचीच. पण काळा दगड कुठल्या टेकडीवर उघडा पडलाय, हे गुरं चारणाऱ्या पोराला साहेबाच्या आधी दिसलं असणारच.

कान्हाच्या बारशिंग्याचंच पाहा. कठीण जमिनीवर राहणारी ही जात जगात फक्त मध्य भारतात उरली. तिच्या शास्त्रीय नावात 'ब्रांडेरी' असा शब्द आहे. डनबर ब्रँडर या इंग्रज जंगल अधिकाऱ्याच्या नावावरून तो आला. ब्रँडर जाणकार होते, त्यांचं १९२३ सालचं पुस्तक अजून वाचतात. पण त्यांना बारशिंग्याचे कळप ज्यांनी दाखवले, त्यांतल्या एकाचंही नाव कुठल्या प्राण्याला मिळालं नाही.

१९३३ साली इथल्या बंजर खोऱ्यात अभयारण्य झालं. तरी शिकार थांबायला वेळ लागला. स्वातंत्र्याच्या आसपास विजयनगरमच्या एका राजकुमारांनी परवाना काढून या भागात तीसेक वाघ मारले. त्यावर ओरड झाली आणि १९५५ साली कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं. १९६३ ते १९६५ मध्ये जॉर्ज शॅलर इथं राहिले, त्यांनी बंदुकीऐवजी वही घेऊन वाघ पाहिला. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प आला. बारशिंगे १९७० साली अवघे ६६ उरले होते, ते पुन्हा शेकड्यांत गेले. जीवदया मानणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा आनंद वाटायलाच हवा.

पण हा आनंद कुणाच्या जिवावर मिळाला, तेही बघावं. १९६९ च्या सुमारास कान्हाच्या गाभ्यातली गावं उठवायला सुरुवात झाली. सौंफ नावाचं गाव उठलं. घरं गेली, शेतात गवत वाढलं, आणि त्या उंच गवतात बारशिंग्याच्या माद्यांना पाडसं लपवायला जागा मिळाली. एकामागं एक गोंड-बैगांची गावं उठत गेली. आज पाहुण्यांना जिप्सीतून जी कुरणं दाखवतात, सौंफचं मैदान, बिशनपुऱ्याचं मैदान, ती गावांची नावं आहेत. आपण जिथं 'बघा बघा' म्हणून कॅमेरा काढतो, तिथं कुणाची तरी चूल होती, कुणी बाळंतीण झाली होती, कुणी लग्न होऊन आली होती. बारशिंगा वाचला हे खरं, आणि बाई घराबाहेर पडली हेही खरं. मला वाटतं, यातलं एक सांगून दुसरं झाकणं म्हणजे अर्धाच इतिहास सांगणं.

पुढं तीच माणसं वाटाड्या होऊन परत रानात आली. आज मध्य प्रदेशच्या व्याघ्र प्रकल्पात वनखात्याच्या गाईडशिवाय गाडी आत सोडत नाहीत. गाडीत सहा पाहुणे, एक चालक आणि एक गाईड. गाईड बहुतेक आसपासच्या गावांतले असतात. आता त्यांत मुलीही दिसतात, खाकी कपड्यात, गळ्यात दुर्बीण घालून. ज्या घरातली म्हातारी सरकारी बंदीमुळे रानात पाय ठेवू शकत नाही, त्या घरातली नात पाहुण्यांना घेऊन त्याच रानात जाते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं गाभा क्षेत्रातल्या पर्यटनावर काही महिने बंदी घातली, तेव्हा पहिली काळजी पडली ती या घरांना. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली. पण गाभ्याच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भागात पर्यटन नको, असा नियम आला. चांगला नियम आहे. कान्हात गाडीनं ठरलेली वाट सोडायची नाही, खाली उतरायचं नाही, हेही चांगलंच. रस्ता सोडून कुठंही गाडी घालायची मजा इथं मिळत नाही, आणि मिळूही नये.

आपल्याला हा नियम नवा वाटायचं कारण नाही. आपल्या आर्यिका माताजी विहार करतात तेव्हा पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, त्याला आपण ईर्यासमिती म्हणतो. त्या वाहनात बसत नाहीत. आपण गृहस्थ, आपल्याला तेवढं जमत नाही. पण श्रावकाच्या व्रतांतही अनर्थदंडविरती आहे. कारण नसताना जमीन उकरू नये, पानं तोडू नयेत, उगाच भटकून जीव तुडवू नयेत, असं तिथं सांगितलंय. सहल करू नये, असा त्याचा अर्थ मी लावत नाही. आपल्या मजेचं ओझं कुणावर पडतं, हे पाहून पाऊल टाकावं, इतकाच अर्थ. आणि योगायोग बघा. जुलै ते सप्टेंबर कान्हाचा गाभाही पाहुण्यांना बंद असतो. जमीन ओली, जीवजंतूंचा सुळसुळाट. रानसुद्धा आपल्या साधूंसारखा चातुर्मास पाळतं, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. माल्टाला जा, कान्हाला या, उकव्यावरून जाताना चहाही घ्या. पण पुढं जो वाटाड्या किंवा जी वाटाडी उभी आहे, तिच्याशी बोला. वाघ कुठं दिसेल, हा प्रश्न तिला रोजच विचारतात. तिला विचारा, "बाई, तुझं नाव काय? गाव कुठलं? आधी कुठलं होतं?" मग सौंफच्या मैदानात गाडी थांबली, की समोरच्या गवतात बारशिंग्यासोबत एक गावही दिसेल. घरी परतल्यावर सहलीचं वर्णन लिहाल, समाजाच्या मंडळात वाचून दाखवाल. तेव्हा ज्याच्या नजरेनं ते सगळं दिसलं, त्याला विचारून त्याचं नाव तेवढं लिहा. फोर्सिथ साहेबांच्या काळापासून ते लिहायचं राहून गेलंय.