खोटं कॉकपिट, खरा हात

मंडळी, मागच्या वेळी आपण ‘अनुभव’ या शब्दापाशी थांबलो होतो. तोच धागा आज विमानात नेऊ. धामणगाव बढ्यात विमानतळ नाही, पण भजनाची पेटी आहे. गोष्ट तिथूनच सुरू होते. अमेरिकेत एडविन लिंकच्या घरचा कारखाना पियानो-ऑर्गनचा. त्याने १९२९ मध्ये तसल्याच भात्यांवर डुलणारं खोटं विमान केलं. आधी ते करमणुकीचं खेळणंच ठरलं. १९३४ मध्ये टपाल नेताना लष्करी वैमानिक मेले, तेव्हा कुठे लष्कराने ६ यंत्रं घेतली.

आपल्याकडे नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ बांधली गेली. २०२५ मध्ये ती निवृत्त झाली, पण घरच्या संगणकावर आजही उडते. कॉकपिटमधलं बटण न् बटण माऊसने दाबता येतं. आम्हाला मात्र खरेपणा बटणं मोजून ठरवणं पटत नाही. मिगचा ब्रेक पायात नसतो, दांड्यावर असतो, सायकलसारखा. समोरच्या पॅनेलवर उभी पांढरी रेघ असते. विमान गरगरत कोसळू लागलं की दांडा त्या रेघेकडे ढकलायचा. पडद्यावर रेघ दिसते हो, पण घाबरलेल्या हाताला ती सापडेल?

हा प्रश्न नुसता तत्त्वज्ञानाचा नाही. प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, असं ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच सांगितलं होतं. हॉक आलं २००८ मध्ये. मधली २६ वर्षं कितीतरी तरुण पोरांचे हात मिगवरच तयार झाले.