जिफ, जेपेग आणि पीएनजी : एका पेटंटची गोष्ट

शाळेच्या संकेतस्थळासाठी आपण एखादे छोटे बोधचिन्ह तयार करतो. ते साठवताना संगणक विचारतो : जिफ, जेपेग की पीएनजी? चित्र तर एकच, मग पद्धती इतक्या कशाला? याचे अर्धे उत्तर गणितात आहे आणि अर्धे इतिहासात.

संगणकावरचे असे चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा लिहिला तर फाइल फार मोठी होते. १९८७ साली टेलिफोनच्या तारांवरून माहिती अगदी सावकाश जाई. तेव्हा अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह कंपनीने जिफ ही पद्धत आणली. हजेरीपटात एकाच गावाचे नाव पुन्हा पुन्हा लिहायचे असेल, तर आपण खाली नुसती खूण करतो. जिफचेही काहीसे तसेच. येऊन गेलेल्या ठिपक्यांच्या मालिकेला क्रमांक द्यायचा. ती पुन्हा आली की फक्त क्रमांक लिहायचा. लेम्पेल आणि झिव्ह यांच्या कल्पनेवर आधारलेली ही युक्ती वेल्च यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली होती.

जिफच्या एका चित्रात रंग मात्र सहसा २५६ पर्यंतच. छायाचित्राला ते अपुरे पडतात. त्यासाठी १९९२ मध्ये जेपेग आले. रंगांतले बारीक फरक आपल्या डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत. असे तपशील जेपेग चक्क टाकून देते. पण त्यामुळे अक्षरांच्या व रेघांच्या ठळक कडा गढूळ होतात. म्हणून बोधचिन्हाला जिफ आणि छायाचित्राला जेपेग, अशी वाटणी झाली.

पण वेल्च यांच्या युक्तीवर पेटंट होते आणि ते पुढे युनिसिस कंपनीकडे आले होते. डिसेंबर १९९४ मध्ये जाहीर झाले, की जिफ हाताळणारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी परवाना शुल्क द्यावे. सात वर्षे मोकळ्या असलेल्या रस्त्यावर अचानक जकात नाका उभा राहिला!

जानेवारी १९९५ मध्येच टॉमस बूटेल यांनी नव्या पद्धतीचा आराखडा मांडला. अनेक प्रोग्रामरांनी इंटरनेटवर चर्चा करत तो पूर्ण केला. हीच पीएनजी. ऑक्टोबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिची शिफारस केली. तिच्यात एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक रंग मावतात आणि तपशील गळत नाहीत. जिफमधला ठिपका एकतर पूर्ण पारदर्शक, नाहीतर पूर्ण अपारदर्शक. म्हणून गोल चिन्हाची कड करवतीसारखी दिसते. पीएनजीत पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या असू शकतात, त्यामुळे कड मऊ दिसते.

अमेरिकेतले ते पेटंट २००३ मध्ये संपले. हलत्या चित्रांमुळे जिफही टिकून राहिले.

वर्गात एक प्रयोग करून पाहू. एकच चित्र तिन्ही पद्धतींनी साठवू, फाइलींचे आकार मांडू आणि कडा मोठ्या करून पाहू. मग मुलांना विचारू : १६ × १६ ठिपक्यांच्या चिन्हाला २५६ रंग कधी कमी पडतील का? आणि क्रमांक देण्याच्या युक्तीला मालक असावा का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका गुणाकारात मिळेल. दुसऱ्यावर मात्र तास संपेपर्यंत वाद होऊ द्यावा.