हातच्या कांकणाला आरसा

१९५५ साली आयबीएमने प्रोग्रामर निवडण्यासाठी एक लेखी चाचणी तयार केली. आकड्यांच्या मालिकेतला पुढचा आकडा, आकृत्यांमधलं साम्य, थोडी गणितं. प्रोग्राम लिहिलेला असण्याची अटच नव्हती. तेव्हा तो लिहिलेली माणसंच मुळात मोजकी.

१९८७ मध्ये टॉम डीमार्को आणि टिमथी लिस्टर यांनी ‘पीपलवेअर’ या पुस्तकात निवडीच्या रीतीवर नेमकं बोट ठेवलं. त्यांच्या गोष्टीत सर्कशीचा मॅनेजर हवेत वस्तू झेलण्याची कसरत करणाऱ्याला विचारतो, किती चेंडू झेलता? पेटत्या वस्तूही? उत्तरं पसंत पडतात, नोकरी पक्की होते. ‘करून दाखवू का?’ हे मात्र उमेदवारालाच विचारावं लागतं. लेखकांचा आग्रह साधा होता: उमेदवाराने आपल्या कामाचे नमुने सोबत आणावेत.

अडचण खरी होती. नोकरीत लिहिलेला कोड सहसा मालकाचा. तो परस्पर बाहेर कसा न्यायचा? चित्रकाराकडे चित्रांची वही असते, तशी बहुतेक प्रोग्रामरांकडे नसायची.

२००८ मध्ये गिटहब हे कोड ठेवण्याचं आणि इतरांना दाखवण्याचं संकेतस्थळ आलं आणि अनेकांना ती वही मिळाली. कोणती ओळ कधी बदलली, कुणी बदलली, चूक सापडल्यावर काय केलं, सगळं तारखेनिशी समोर. पण दिवसभर कंपनीचं काम आणि संध्याकाळी घर सांभाळणाऱ्याची वही कोरीच राहते. तेवढ्यावरून त्याला नाकारणं हा उघड अन्याय आहे. काही कंपन्या म्हणूनच उमेदवाराला छोटं काम घरी करायला देतात, आणि मोजक्या ठिकाणी त्याचे पैसेही देतात.