देहूरोड ते समुद्र : एका दिवसाच्या सहलीमागचा इतिहास

१/ देहूरोडहून पहाटे निघावे, लोणावळा-खंडाळा मागे टाकून बोरघाट उतरावा, अलिबागचा किनारा पाहून रात्री घरी परतावे. आज सहज वाटणारी ही सहल कोणाच्या श्रमांवर उभी आहे?

२/ घाट आणि बंदर यांचे नाते प्राचीन आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यांत व्यापाऱ्यांच्या व यवनांच्या दानांचे शिलालेख आहेत. मात्र गाड्या जातील असा बोरघाटाचा रस्ता गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० मध्ये खुला झाला.

३/ १८५६ मध्ये रेल्वे घाटाखाली खोपोलीपर्यंत आली, तर १८५८ मध्ये पुणे-खंडाळा मार्ग सुरू झाला. मधला घाट प्रवासी पालखीतून वा तट्टावरून ओलांडत.

४/ हे अंतर सांधण्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ मध्ये येथे ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर अल्पावधीतच वारले; पत्नी अ‍ॅलिस यांनी काम तडीस नेले. ही नावे इतिहासात राहिली. पटकी, ताप आणि अपघातांनी मेलेल्या हजारो मजुरांची राहिली नाहीत.

५/ १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावली आणि देशावरून समुद्रापर्यंतचा प्रवास अखंड झाला.

६/ जुन्या महामार्गावर, बोरघाटात शिंग्रोबाचे मंदिर आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर त्यांच्याच गोळीने मारला गेला, असे लोककथा सांगते. येणारे-जाणारे वाहनचालक आजही त्याला हात जोडतात. कागदपत्रांनी ज्यांची नावे जपली नाहीत, त्यांची आठवण लोकांनी या एका देवळात जपली आहे.