तुरीच्या मागोमाग एका बेटावर

पौष-माघात दुधनीच्या आडत बाजारात पाऊल टाकावे, म्हणजे दोन्ही बाजूंना तुरीचे ढीग दिसतात. एकाच ढिगाला आडत्या मराठीत ‘तूर’ म्हणतो आणि पोते घेऊन आलेला शेतकरी कानडीत ‘तोगरी’ म्हणतो. भाव ठरताना दोन्ही भाषा इतक्या बेमालूम मिसळतात, की सौदा कोणत्या भाषेत झाला हे सांगता येऊ नये. अक्कलकोट तालुक्याच्या या टोकाला गाव आमचे महाराष्ट्रातले, आणि गाडीने थोडे पुढे गेले की गाणगापूर रोडचे स्टेशन कर्नाटकातले. १८७१ साली आगगाडी सोलापूरहून रायचूरपर्यंत गेली. तेव्हापासून इकडचा माल मुंबईकडे जातो आणि मद्रासकडेही जातो. लहानपणी या ढिगांवरून उड्या मारताना मला वाटे, की आपली तूर फार तर मुंबईचा बाजार पाहत असेल.

पुढे वाचनात आले, की तुरीने माझ्यापेक्षा कितीतरी लांबचा प्रवास केलेला आहे. ती मूळची आपल्याच भूमीतली. येथून ती आफ्रिकेत गेली, आणि आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर अटलांटिक महासागर ओलांडून कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर पोहोचली. बार्बाडोस बेटावर तिचे दाणे कबुतरांना घालीत, म्हणून इंग्रजीत तिचे नाव पडले ‘कबुतरांचा वाटाणा’! ज्या धान्याचे वरण सणासुदीला आपल्या पानात पहिले पडते, त्याच्या नशिबी परदेशात हे बारसे यावे, याचे वाईट वाटायचे कारण नाही. प्रवासात नाव बदलतेच. नुसती तूरच नव्हे, माणसेही या अनुभवातून गेलेली आहेत.

हे सारे सुचण्याचे निमित्त असे, की अलीकडे आपल्याकडे अभ्याससहलींची गोडी वाढत आहे. दहा-पंधरा माणसांची तुकडी, बरोबर एखादा जाणकार, आणि एकाच ठिकाणी मुक्काम करून तेथील पक्षी, झाडे, माणसे, खाणे, गाणे यांची ओळख करून घ्यायची. त्रिनिदाद आणि टोबॅगो ही जोडबेटे अशा सहलींसाठी जगात प्रसिद्ध आहेत. त्रिनिदाद म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. पण एवढ्याशा जागेत डोंगर, दलदल, डांबराचे सुमारे शंभर एकरांचे सरोवर आणि चार खंडांतून आलेली माणसे दाटीवाटीने राहतात. अशा ठिकाणी जाऊन माणूस काय शिकतो? मला वाटते, त्याने एकच प्रश्न विचारावा: येथे कोण, कोणत्या वाटेने आले? या प्रश्नाच्या उत्तरातच त्या बेटाचा सारा इतिहास आहे.

कोलंबस १४९८ साली तेथे पोहोचला. तीन शिखरे पाहून त्याने बेटाला ख्रिस्ती त्रिमूर्तीचे नाव दिले. बेटाला आधीचे रहिवासी होते, पण नाव ठेवताना त्यांना कोणी विचारले नाही. तीनशे वर्षे स्पेनची सत्ता चालली. १७९७ साली इंग्रजांनी बेट घेतले. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी आफ्रिकेतून माणसे साखळदंडांत बांधून आणली होती. त्यांच्याजवळ सामान नव्हते, पण ताल होता. पुढे सरकारने रस्त्यावर कातड्याचे ढोल वाजवण्यास बंदी घातली, तेव्हा त्यांच्या वंशजांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० नंतरच्या काळात त्यांनी पत्र्याचे डबे घेतले, मग तेलाची रिकामी पिंपे घेतली, आणि त्यांचे तळ ठोकूनठोकून त्यातून सूर काढले. ते ‘स्टीलपॅन’ वाद्य आज त्या देशाचा अभिमान आहे. पर्यटक ते ऐकून टाळ्या वाजवतो. ज्याला ढोलबंदीची हकीकत ठाऊक आहे, तो टाळी वाजवण्याआधी क्षणभर थांबतो.

गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली, आणि चार वर्षांनी मळ्यांवरची सक्तीची उमेदवारीही संपली. मळेवाल्यांना मजूर हवे होते, आणि हिंदुस्थानात भुकेली माणसे होती. कलकत्त्याहून निघालेले ‘फातेल रझाक’ नावाचे जहाज तीन महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला लागले. त्यात सुमारे सव्वादोनशे माणसे होती. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार भारतीय या बेटावर उतरले. पाच वर्षांच्या कराराला इंग्रजीत जे नाव होते, त्याचा अपभ्रंश करून ही माणसे त्याला ‘गिरमिट’ म्हणू लागली. त्यांतली बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांताकडची, काही मद्रासेकडची. आपल्या कोकणातली माणसे गेली ती मुख्यतः मॉरिशसला, आणि तेथे त्यांनी आपली मराठी जतन केली. पण पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्याला परक्याच्या गोष्टीवरून शिकावे लागत नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात या भागातल्या गावांनी ते डोळ्यांनी पाहिले.

या गिरमिटाविरुद्ध हिंदुस्थानच्या कायदेमंडळात जो आवाज उठला, तो एका मराठी माणसाचा होता, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी ही पद्धत समूळ बंद करावी असा ठराव मांडला. सरकारी मतांच्या बळावर तो फेटाळला गेला. त्याच वर्षी गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तेथील हिंदी लोकांची स्थिती त्यांनी गावोगाव फिरून पाहिली. पाहिल्यावाचून बोलू नये, हा त्यांचा बाणाच होता. १९०५ साली पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सभासदांच्या शिक्षणक्रमात देशभर हिंडून पाहण्यासाठी काही काळ मुद्दाम राखून ठेवला होता. आजच्या अभ्याससहलीला मराठीत पूर्वज शोधायचा तर तो येथे सापडेल. १९१५ मध्ये गोखले गेले. १९१७ साली गिरमिटाची भरती थांबली, ती पाहण्यास ते उरले नव्हते.

करार संपल्यावर परत जाण्याची सोय होती, तरी बहुतेक माणसे बेटावरच राहिली. त्यांनी भोजपुरीतले शब्द, रामायणाच्या पोथ्या, होळी, मोहरम आणि जेवण जपले. आजही तेथे ‘दालपुरी’ खातात. तिच्यात पिवळ्या वाटाण्याची डाळ भरतात. तूर मात्र ओली, हिरवी खातात, भाताबरोबर शिजवून. म्हणजे गुलामांबरोबर आलेली तूर आणि मजुरांबरोबर आलेली पुरी एकाच स्वयंपाकघरात भेटली.

या माणसांची जिद्द पाहायची असेल, तर वॉटरलू नावाच्या गावचे समुद्रातले मंदिर पाहावे. सिवदास साधू हा आईबापांबरोबर लहानपणी गिरमिटात आलेला मजूर. त्याने १९४७ च्या सुमारास किनाऱ्यावर एक लहानसे देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीची. १९५२ साली ते पाडण्यात आले आणि साधूला तुरुंगात जावे लागले. बाहेर आल्यावर त्याने विचार केला, की जमीन कंपनीची असेल, समुद्र तर कोणाचा नाही! मग त्याने सायकलवरून दगड, सिमेंट वाहून भरतीच्या पाण्यात भराव घातला आणि वर्षानुवर्षे एकट्याने खपून देऊळ उभे केले. पुढे त्याची पडझड झाली, तेव्हा १९९५ च्या सुमारास लोकांनी ते पुन्हा बांधून काढले. त्या वाटेवरून चालताना फोटो काढण्यास हरकत नाही, पण पायाखालचा दगड कोणी आणला ते आधी विचारून घ्यावे.

सोलापूरकरांना या बेटाशी आणखी एक नाते सांगता येते. पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ चा, सोलापूरचा. १९५३ साली विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताचा क्रिकेट संघ प्रथमच वेस्ट इंडीजला गेला. पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्याच कसोटीत उम्रीगरांनी १३० धावा काढल्या. समोर गोलंदाज होता सॉनी रामाधीन, गिरमिटियांच्याच वंशातला मुलगा! त्या दौऱ्यात २७ बळी घेणारे मुंबईचे सुभाष गुप्ते यांची तेथेच भावी पत्नीशी भेट झाली. पुढे त्यांनी त्रिनिदादलाच घर केले आणि २००२ साली पोर्ट ऑफ स्पेनमध्येच त्यांनी देह ठेवला. १९६२ मध्ये उम्रीगर पुन्हा त्या मैदानावर उतरले. ५६ धावा, पाच बळी आणि नाबाद १७२! सामना मात्र गेला. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने तेथेच विजय मिळवला, आणि सुनील गावसकरांवर तेथल्या लॉर्ड रिलेटर या गायकाने कॅलिप्सो रचून गायला. हरवणाऱ्यावर गाणे रचणारे लोक कसे असतील, याची कल्पना आपण करू शकतो. बेटावर गेलेल्या या पंधरा-सोळा जणांच्या तुकड्या खेळायला गेल्या होत्या, पण त्यांच्यामुळे दोन दूरची घरे एकमेकांना ओळखू लागली.

आता निसर्गाकडे वळू. कारोनीच्या दलदलीत संध्याकाळी लाल शराटी उतरतात. आपल्या तळ्यांवर दिसणाऱ्या शराटीचीच ही भावंडे, पण अंगभर शेंदरी. हा रंग त्यांना खेकड्या-झिंग्यांच्या आहारातून मिळतो. तेथे सपाट तळाच्या होडीत गप्प बसून राहावे लागते. डोंगरातल्या गुहांत रात्री फळे खाणारे तेलपक्षी अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. तेथे एकावेळी थोडीच माणसे आत सोडतात. मातुराच्या किनाऱ्यावर वसंतापासून पावसाळ्यापर्यंत चामडी पाठीची प्रचंड कासवे अंडी घालण्यास येतात. पूर्वी त्यांची सर्रास कत्तल होई. १९९० पासून गावकऱ्यांनीच राखण पत्करली, आणि परवान्यावाचून रात्री किनाऱ्यावर जाता येत नाही. लहान तुकडीचा आग्रह येथे उमगतो. पन्नास माणसांचा गलबला झाला, तर कासव आल्या पावली समुद्रात परतते. हीच गोष्ट पाहण्यास त्रिनिदादलाच जायला हवे असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला, नाना फडणिसांच्या गावी, २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने कासवांची अंडी राखली आहेत. पाहुणे गावातल्याच घरी उतरतात, त्यांच्याच पंक्तीला जेवतात आणि पहाटे पिले समुद्राकडे जाताना पाहतात.

पण दुधनीच्या माणसाने खरे पाहावे ते टोबॅगोचे रान. तेथील मुख्य डोंगररांगेवरचे जंगल १३ एप्रिल १७७६ रोजी कायद्याने राखून ठेवले गेले. कारण काय लिहिले होते? पाऊस टिकावा म्हणून! झाडे तोडली तर पाऊस उणावेल, या विचाराने सोम जेनिन्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. पश्चिम गोलार्धात इतके जुने राखीव रान दुसरे नाही. १९६३ च्या ‘फ्लोरा’ वादळाने ते झोडपून काढले. पांढऱ्या शेपटीचा एक गुंजनपक्षी नाहीसा झाला असे सर्वांनी मानले. १९७४ साली तो पुन्हा दिसला. रान राखलेले होते, म्हणून परत येण्यास त्याला जागा तरी होती.

आणि तरीही येथे मन अडखळते. तो पाऊस कोणासाठी राखला होता? मालकांच्या उसासाठी. रान राखण्याची सुबुद्धी ज्यांना झाली, त्यांना मळ्यात राबणाऱ्या गुलामाची कणव आली नाही. एकाच वर्षी, एकाच बेटावर झाडाला कायद्याचे अभय मिळाले आणि माणसाला मिळाले नाही. मार्गदर्शक सावलीत उभा करून पक्षी दाखवतो, तेव्हा ही दुसरी गोष्टही त्याला विचारावी. ती कळली म्हणजे रानाचे मोल कमी होत नाही. आपल्या पावसाची वाट पाहणाऱ्या तालुक्यात झाड लावताना, त्याची सावली कोणाकोणाला मिळणार, हा प्रश्न मात्र मनात येऊ लागतो.

त्रिनिदादमध्ये १९६६ पासून दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते. बांबू चिरून, वाकवून त्यांच्या कमानी करतात आणि त्यांवर मातीच्या पणत्यांच्या ओळी लावतात. ती रोषणाई पाहण्यास सगळ्या धर्मांचे शेजारी येतात आणि पानात वाढलेले खाऊन जातात. आपल्याकडच्या सर्वांनाच तेथे जाणे साधेल असे नाही. तिकिटाचा आकडा ऐकूनच अनेकांची सहल पूर्ण होते! पण या सुट्टीत चार मुलांना घेऊन बाजारापर्यंत तरी जाता येईल. तूर यायला अजून दोन महिने आहेत. तोवर एखाद्या दुकानातून मूठभर तूर मागून घ्यावी, मुलांच्या तळहातावर ठेवावी, आणि हा दाणा कोणाकोणाबरोबर कोठे गेला ते सांगावे. मग परतताना त्यांनाच विचारावे, की आपल्या गावात कोण, कोणत्या वाटेने आले. उत्तरे कानडीत येतील, मराठीत येतील, उर्दूतही येतील. सगळी ऐकून घ्यावीत.