वंश, जात आणि ‘इतर’: जनगणनेतील दोन रकान्यांची कुळकथा

ब्रिटिश काळातील मुंबईच्या सी वॉर्डात मार्केट, धोबी तलाव, भुलेश्वर, खारा तलाव आणि कुंभारवाडा यांच्या जोडीला फणसवाडी हा शिरगणतीचा स्वतंत्र विभाग धरला जात असे. आज गिरगावातील चाळींची एक गल्ली म्हणून ओळखली जाणारी ही वस्ती सरकारी खंडांत कागदाच्या एका ओळीएवढी आहे, आणि त्या ओळीतील आकडे कोणत्या प्रश्नांच्या उत्तरांतून आले हे पाहू गेल्यास दोन रकान्यांचा इतिहास उलगडतो. पहिला रकाना वंशाचा आणि दुसरा लिंगाचा. जनगणनेने माणसाला त्याचा वंश आणि त्याचा लैंगिक कल, म्हणजे त्याचे प्रेम व आकर्षण कोणत्या लिंगाच्या व्यक्तीकडे वळते ती प्रवृत्ती, विचारावी काय, हा अलीकडे परदेशांत वारंवार चर्चिला जाणारा प्रश्न भारतात या दोन रकान्यांच्या पोटी कधीपासूनच दडलेला आहे.

कॅप्टन बेन्स यांच्या १८४९ सालच्या मोजणीत मुंबईची लोकसंख्या ५,६६,११९ भरली होती. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, कामाच्या शोधात माणसे शहरात लोटली आणि १८६४ साली डॉ. लीथ यांच्या देखरेखीखाली झालेल्या शिरगणतीत ती ८,१६,५६२ झाली. या शिरगणतीच्या तक्त्यातील वर्गवारी आज वाचताना नवल वाटते, कारण तिथे धर्म, जात आणि वंश ही तीन वेगळी मोजमापे एकाच पट्टीवर आखलेली दिसतात. बौद्ध किंवा जैन, ब्राह्मण, लिंगायत, भाटिया, इतर जातींचे हिंदू, जातीबाह्य हिंदू, मुसलमान, पारशी, ज्यू, एतद्देशीय ख्रिस्ती, इंडो-युरोपियन, युरोपियन, ‘निग्रो-आफ्रिकन’ आणि चिनी असे ते चौदा वर्ग होते. ३५८ चिनी आणि २,०७४ आफ्रिकी माणसांना स्वतंत्र ओळ मिळाली, व्यापारामुळे साहेबाच्या डोळ्यांसमोर असणाऱ्या भाटियांनाही ती मिळाली, पण ‘इतर जातींचे हिंदू’ या एका पोत्यात ४,९१,५४० माणसे, म्हणजे शहरातील दर दहांपैकी सहा, कोंबली गेली. पाठारे प्रभू, दैवज्ञ, भंडारी, मराठे, कोळी हे सारे त्या पोत्यात. राज्यकर्त्याला जो वेगळा दिसला तोच वेगळा मोजला गेला, हे या तक्त्याचे खरे सूत्र आहे.

पुढे १८७२ च्या शिरगणतीच्या नमुन्यात ‘जात किंवा वर्ग’ आणि ‘वंश, राष्ट्रीयत्व किंवा जन्मदेश’ असे दोन वेगळे रकाने होते. ते फार काळ वेगळे राहिले नाहीत. १९०१ च्या नमुन्यात एकाच रकान्याखाली हिंदू व जैनांनी जात सांगावी आणि बाकीच्यांनी जमात किंवा वंश सांगावा अशी वाटणी झाली, आणि १९३१ पर्यंत त्या रकान्याचे शीर्षक ‘वंश, जमात किंवा जात’ असे स्थिरावले. अमेरिकेत १७९० च्या पहिल्या जनगणनेपासून वंश ही मुळातली विभागणी होती, कारण प्रतिनिधित्वाच्या हिशेबात गुलामाला पूर्ण माणूस धरले जात नव्हते. भारतात मात्र ज्याला जात चिकटवता येत नाही अशा माणसासाठी ठेवलेला पर्याय, एवढेच वंशाचे काम उरले.

या उसन्या शब्दात शास्त्राचा प्राण फुंकण्याचा उद्योग १९०१ चे जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी केला. नाकाची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर काढून, ज्याला नासिकांक म्हणतात, त्यावरून माणसाचा वंश आणि वंशावरून जातीची पायरी सांगता येते, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यांनी हिंदुस्थानातील माणसांचे सात प्रकार कल्पिले आणि मराठी ब्राह्मण व कुणबी यांना कुर्गी लोकांसह ‘सिथो-द्रविडी’, म्हणजे शक आणि द्रविड यांच्या मिश्रणातून झालेल्या, प्रकारात बसवले. त्याच जनगणनेत जातींना सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने लावण्याचा आदेश निघाल्यामुळे आपली जात वर चढवून घेण्यासाठी अर्जांचा पूर लोटला. १९११ साली एकट्या बंगालच्या कार्यालयात आलेल्या अर्जांचे वजन दीड मण भरले, अशी नोंद तेथील अधिकाऱ्याने केली आहे. मोजणीने समाजाचे चित्र काढायचे असते, पण इथे चित्र काढणाऱ्यासमोर समाजच नटूनथटून बसू लागला.

त्याच सुमारास वंशाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही उभा राहिला. रतनजी दादाभाई टाटा यांच्या फ्रेंच पत्नीने जरथुष्ट्री धर्म स्वीकारला होता, आणि अशा व्यक्तीला पारशी पंचायतीच्या धर्मादाय संस्थांचा लाभ घेता येईल काय, यावरून चाललेल्या पेटिट विरुद्ध जीजीभाई खटल्यात १९०८ साली न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी निर्णय दिला. पारशी म्हणजे इराणातून आलेल्या मूळ स्थलांतरितांचे जरथुष्ट्री वंशज, इराणातून आलेले जरथुष्ट्री, आणि पारशी पित्याची परकीय स्त्रीपासून झालेली, धर्मात रीतसर घेतलेली मुले, अशी व्याख्या त्यातून निघाली. १८६४ च्या तक्त्यात ४९,२०१ ही संख्या ज्या शब्दाखाली बिनदिक्कत लिहिली गेली, त्या शब्दाचा अर्थ ठरवायला न्यायालय लागले.

रिस्ले यांच्या सिद्धान्ताला मुंबईतच तडा गेला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ सालच्या आपल्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात रिस्ले यांचीच मापे पुन्हा तपासली आणि नाकाची रुंदी व जातीची उंची यांचा मेळ गंगेच्या खोऱ्यात बसतो, पण महाराष्ट्रात तो बसत नाही, असे दाखवले. जनगणनेतील जातीच्या चौकशीनेच जातिभावनेला नवे बळ दिले, हाही त्यांचा आक्षेप होता. डॉ. आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात घुर्ये यांच्या मापांचा आधार घेऊन अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही असे प्रतिपादन केले. दोघांच्या निष्कर्षांना जाणारे रस्ते वेगळे असले तरी वंशाचा शास्त्रीय दावा त्या दोघांनंतर उभा राहू शकला नाही. जात मात्र शाबूत राहिली, कारण तिचा आधार नाकात कधीच नव्हता.

स्वतंत्र भारताने १९५१ पासून अनुसूचित जाती व जमाती वगळता जातीची नोंद थांबवली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत जात मोकळ्या शब्दांत लिहून घेतल्याने १९३१ साली ४,१४७ असलेल्या जातींची नावे ४६ लाखांवर गेली, असे केंद्र सरकारने महाराष्ट्राच्याच याचिकेवर २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले. आडनाव, पोटजात, गोत्र, शुद्धलेखनाच्या चुका, सारेच त्यात जात म्हणून जमा झाले. तरीही ३० एप्रिल २०२५ रोजी पुढील जनगणनेत जात विचारण्याचा निर्णय झाला, आणि तो योग्यच आहे. आरक्षण आणि शिक्षणाच्या वाटणीला आकडा लागतो, आणि जातीचा काच सोसणाऱ्याला आपली जात शेजाऱ्यापासून लपवण्याची सोय बहुधा नसते. वंश मात्र विचारण्याचे कारण उरलेले नाही.

लिंगाच्या रकान्याची कुळी याहून साधी दिसते, पण तीत मोठी खोच आहे. हिजडा, किन्नर किंवा जन्मतः संमिश्र लिंगलक्षणे असलेल्या माणसाला पुरुष म्हणून नोंदवावे, असे प्रगणकांच्या, म्हणजे घरोघर जाऊन माहिती भरणाऱ्यांच्या, सूचनापुस्तिका २००१ पर्यंत सांगत. २०११ साली प्रथमच स्त्री व पुरुष यांच्यापुढे ‘इतर’ हा तिसरा संकेतांक आला. देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसे त्याखाली नोंदली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली ती त्यानंतर तीन वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द झाले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. म्हणजे रकाना आधी आला आणि हक्क मागून.

त्या पावणेपाच लाखांवर संख्येत सहा वर्षांपर्यंतची ५४,८५४ मुले आहेत. या मुलांनी स्वतः काहीही सांगितलेले नाही, हे उघड आहे. उत्तर घरातील दुसऱ्याच कुणी दिले, किंवा प्रगणकाच्या हातून चूक झाली. जनगणना माणसाला विचारत नाही, ती कुटुंबाला विचारते, आणि कुटुंबाच्या वतीने बोलतो तो कुटुंबप्रमुख. फणसवाडीसारख्या वस्तीत, जिथे दोन खोल्यांत तीन पिढ्या राहतात आणि प्रगणक गॅलरीत उभा राहून विचारतो तेव्हा शेजारच्या दोन दारांना उत्तर ऐकू जाते, तिथे विशीतल्या मुलाचा लैंगिक कल त्याच्या वडिलांना विचारून कोणता आकडा मिळेल? मिळालाच तर शून्याजवळचा मिळेल, आणि पुढे तोच शून्य ‘असे लोक आपल्यात नाहीतच’ याचा पुरावा म्हणून दाखवला जाईल.

गप्प राहण्याचा अधिकार मान्य करणे आपल्या कायद्याला अपरिचित नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याचे आठवे कलम प्रत्येकाला उत्तर देणे बंधनकारक करते, पण त्याच्याच परंतुकात घरातील स्त्रियांची नावे सांगण्याची सक्ती नाही आणि जिचे नाव घेणे प्रथेने वर्ज्य आहे अशा व्यक्तीचे, म्हणजे मुख्यतः नवऱ्याचे, नाव सांगायला स्त्री बांधील नाही, अशी सूट आहे. उखाण्यावाचून नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या आजीसाठी कायदा थांबला. तिच्या नातवासाठी थांबण्याची तरतूद अजून कुणी लिहिलेली नाही.

इंग्लंड आणि वेल्सने २०२१ साली हा प्रश्न विचारला तो १६ वर्षे व त्यावरील व्यक्तींनाच, ऐच्छिक म्हणून, आणि घरच्यांना न कळता स्वतंत्र अर्ज भरण्याची सोय ठेवून. ३.२ टक्के प्रौढांनी आपण समलिंगी, उभयलिंगी वा अन्य कलाचे असल्याचे लिहिले आणि ७.५ टक्क्यांनी रकाना कोराच सोडला. भारतात १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरलेल्या जनगणनेत लोकांना संकेतस्थळावर स्वतः माहिती भरण्याची मुभा असणार आहे. पण हा अर्ज व्यक्तीचा नाही, कुटुंबाचा असेल. तो बदलत नाही तोवर लैंगिक कलाचा प्रश्न जनगणनेत घालण्यापेक्षा नमुना पाहणीत, माणसाशी एकट्याने बोलून, विचारणे अधिक शहाणपणाचे आहे.